घाटाखालचं गाव, नकाशात वर

आमच्याकडं वर आणि खाली या दोन गोष्टींत कधी कुणाची गल्लत होत नाही. अजिंठ्याचा घाट चढला की वर, उतरला की खाली. आमचं गाव फर्दापूरच्या पलीकडं, घाटाच्या पायथ्याला, म्हणून आम्ही खालचे. सिल्लोड, फुलंब्री, औरंगाबाद हे सगळं वर. कुणी कोर्टाच्या कामाला औरंगाबादला गेला की "वर गेलाय", आणि परतला की "खाली आला". माझा बा मेंढरं घेऊन पावसाळ्यात वर जायचा आणि दिवाळी झाली की खाली यायचा. जन्मभर त्याला लागल्या त्या या दोनच दिशा. पूर्व-पश्चिम त्याच्या लेखी सूर्याच्या कामाच्या होत्या, माणसाच्या नव्हेत.

आणि या दोन साध्या शब्दांनी माझ्या डोक्याचा असा काही भुगा केला म्हणता, की आज एवढं वय झालं तरी जिना चढताना मी क्षणभर थांबते.

झालं असं. मी औरंगाबादच्या कॉलेजातून बी.ए. झाले आणि तिथंच भूगोलाच्या विभागात मला सालभराची हंगामी नोकरी लागली. धनगराची पोर, बी.ए., वर पगारी नोकरी! गावाला खरंच वाटेना. माझ्या आत्याला खरं वाटलं, पण आवडलं नाही. तिच्या थोरल्याला मला द्यायचं हे मी पाळण्यात असतानाच ठरलेलं. आत्याच्या घरात पडायचं ही आमच्यातली रीतच. पोरगा वाईट नव्हता हो. कष्टाळू होता, निर्व्यसनी होता, माझ्याशी कधी दोन शब्द वाकडे बोलला नव्हता. सरळही दोनच बोलला असेल. पण मला त्याच्याशी लग्न करायचं नव्हतं, मला वर राहायचं होतं. हे मी बाला स्पष्ट सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं, विडी पेटवली आणि मेंढरं मोजायला निघून गेला.

त्या साली बिरोबाच्या जत्रेत आत्यानं त्याला भर भाऊकीत गाठलं. "पोरगी कवा आनतूस खाली? का वरच लगीन लावतूस तिचं एखाद्या मास्तरासंगं?" सगळी माणसं बघायला लागली. आत्या थोरली, बा धाकटा. तिच्यासमोर त्याची मान वर व्हायची नाही. त्यानं देवापुढचा भंडारा मुठीत उचलला आणि म्हणाला, "बिरोबाच्या साक्षीनं सांगतो अक्का, साल सरलं की माझी पोरगी खाली राहील."

भंडारा उचलून बोललेला शब्द आमच्यात मोडत नाही. मोडला तर त्या माणसाच्या दारचं पाणी कुणी पीत नाही. म्हणजे माझ्यापुढं एका सालाची मुदत, आणि ते सरलं की एक तर मी खाली नाही तर बा वाळीत. मी रागानं तिथंच पाय आपटला. कुणाचं लक्ष गेलं नाही, ढोल वाजत होते.

तशी गोंधळाची मला सवय होती. मी शाळेत गेले तेव्हा निजामाचं राज्य होतं, मास्तर अलिफ-बे शिकवायचे, उजवीकडून डावीकडं. ते जरा कुठं जमतंय तोवर पोलीस ॲक्शन झाली आणि नवे मास्तर आले ते डावीकडून उजवीकडं लिहायला लागले. मी बापडी मधूनच सुरुवात करायची. दोन्ही मास्तरांनी मला धपाटे घातले, त्यात मात्र फरक नव्हता.

तर कॉलेजातले आमचे विभागप्रमुख. आम्ही त्यांना नुसतं सर म्हणायचो. पुण्याकडचे, धोतर-कोटातले, आणि प्रत्येक वाक्यानंतर "समजलं?" विचारणारे. मी "हो" म्हणायची. न समजता हो म्हणायची ही माझी खोड जुनी. त्यांच्या डोक्यात एक वेड शिरलं होतं. सालाअखेरच्या प्रदर्शनासाठी मोठ्या दालनाच्या भिंतीवर जगाचा नकाशा लावायचा. दुकानात मिळतो तसला घडीचा नव्हे. जगातल्या सगळ्या देशांनी मिळून करायला घेतलेला, तुकड्यातुकड्यांचा.

"कल्पना अशी," सर टेबलावर बोट आपटत म्हणाले, "की प्रत्येक देशानं आपापला तुकडा काढायचा, पण नियम सगळ्यांना एकच. कागदावरचा एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचे दहा किलोमीटर. सखल भाग हिरवा, डोंगर तपकिरी. अक्षरं रोमन. म्हणजे जपाननं काढलेला तुकडा आणि ब्राझीलनं काढलेला तुकडा एकाच कुटुंबातले वाटले पाहिजेत. समजलं?"

"हो," मी म्हटलं. मनात म्हटलं, इथं दोन जावांच्या भाकऱ्या एकसारख्या होत नाहीत, आणि म्हणे जपान आणि ब्राझील!

सरांनी देशोदेशीच्या कचेऱ्यांना लिहिलं. काहींनी तुकडे पाठवले, काहींनी पाठवतो म्हणून कळवलं, काहींनी उत्तरच दिलं नाही. शिवाय सगळं जग लावायला भिंत पुरणार नव्हती. मापं घेतली तर आमची इमारतच पुरेना. शेवटी आपला देश आणि आजूबाजूचं जेवढं बसेल तेवढं, असं ठरलं. न आलेल्या तुकड्यांच्या जागी कोरा कागद. त्यावर सर लिहिणार होते, "प्रतीक्षेत."

पहिली गुंडाळी उघडली तो दिवस मला लख्ख आठवतो. सर चष्मा कपाळावर चढवून मथळा वाचत होते. मथळा फ्रेंचमध्ये. मी खळ शिजवत बसलेले. मैद्याची खळ, झुरळांनी खाऊ नये म्हणून चिमूटभर मोरचूद घातलेली. एकदम सर मोठ्यांदा म्हणाले, "कार्टे!"

मी खळीतला डाव सोडून उभी राहिले. "काय केलं मी?"

"कार्टे इंटरनॅशनाले..."

"सर, खळ करपली नाही अजून. उगाच शिव्या का देता?"

त्यांना काही कळेना, मला काही कळेना. मग त्यांनी तो शब्द दाखवला. फ्रेंचमध्ये नकाशाला असं म्हणतात म्हणे, आणि उच्चार तर भलताच होता, सरांनी आपला मराठी धाटणीनं वाचला. त्यानंतर आमच्या विभागात त्या नकाशाला कार्टं हेच नाव पडलं. "आज कार्टं किती चिकटलं?" असं सर रोज विचारायचे, अगदी गंभीर चेहऱ्यानं.

एकाच कुटुंबातले म्हणवणारे ते तुकडे समोर पसरल्यावर माझी मती गुंग झाली. एका देशाचा हिरवा पोपटी, शेजारच्याचा शेवाळी. कुठं उंची मीटरमध्ये, कुठं जुन्या छपाईत फुटांमध्ये. दोन देशांचे तुकडे शेजारी ठेवले तर एकाची नदी काठापर्यंत यायची आणि दुसऱ्याच्या कागदावर ती बोटभर सरकून पुढं जायची. पाण्यानं मध्ये काय केलं असेल तेवढ्यात? सर म्हणायचे, "चालायचंच. एवढ्या लोकांनी एक नियम मान्य केला हेच पुष्कळ." आणि आमच्या घरातली चार माणसं एका लग्नावर एक होईनात. मला हसावं का रडावं कळेना.

प्रत्येक तुकड्याला नाव नव्हे, आकडा. एन-ई-त्रेचाळीस, एन-एफ-त्रेचाळीस, असं. तो आकडा समासात छापलेला. आणि आता माझी अक्कल ऐका. तुकडे एकमेकांना भिडले पाहिजेत म्हणून समास कापायचे होते. मी एका बैठकीत सगळ्यांचे समास कापले. झकास, सुतात. कापून झाल्यावर लक्षात आलं की आकडेही गेले केरात. आता कुठला कागद कुठला, ते शोधा गावांची नावं वाचून!

तसं वाचून लागलं बरंचसं. मग आमचा मुलूख आला. तिथं एक गंमत होती. आमचं शहर एका तुकड्यात आणि आमचं गाव दुसऱ्यात. फुलंब्रीच्या अलीकडं कुठंतरी एक रेषा जाते, तिथं एक कागद संपतो. औरंगाबाद त्या कागदाच्या काठाला अगदी चिकटून, आणि फर्दापूर पलीकडच्या कागदावर. कितीदा मी त्या रस्त्यानं यष्टीतून गेले-आले असेन. कधी धक्का म्हणून बसला नाही.

मी शिडीवर चढलेली, सर दारातून घाईघाईत निघालेले, कुठल्याशा मीटिंगला. जाता जाता म्हणाले, "आधी खालचा लाव, मग त्याच्यावर वरचा. समजलं?"

"हो."

समजलंच होतं मला! या खेपेला तरी पुरतं समजलं होतं. खालचा म्हणजे घाटाखालचा, फर्दापूरचा. वरचा म्हणजे औरंगाबादचा. लहान पोरालाही कळेल. मी फर्दापूरचा कागद खाली लावला, त्याच्या डोक्यावर औरंगाबादचा. सांधा काही जुळेना, रस्ते तुटत होते, पण एवढ्या देशांत कुणाचं काय जुळत होतं? शिपाईचाचांनी शिडी धरली होती. त्यांना विचारलं तर म्हणाले, "कागज तो कागज है बाई, चिपका दो." चिपका दिया.

संध्याकाळी सर परत आले. भिंतीसमोर उभे राहिले. मग हळू आवाजात म्हणाले, "सोलापूर ओलांडलं की उज्जैन लागतं का गं?"

मी बघितलं. अगंबाई! सोलापूर, विजापूर संपतं तिथं इंदूर-उज्जैन सुरू. नर्मदा खाली कर्नाटकात वाहतेय.

"खालचा आधी म्हणालो होतो मी तुला!"

"खालचाच लावलाय! घाटाखालचा!"

"नकाशात उत्तर वर असते!"

"आणि आमच्यात उत्तर घाटाखाली असते! मी जन्मले तिथं, मला विचारा!"

"तुझ्या जन्माचा इथं काय संबंध? साऱ्या जगानं मान्य केलंय ते!"

"आम्हाला कुणी विचारलं होतं?"

मी असं सरांना तोंडावर बोलले. नंतर वसतिगृहाच्या खोलीत तेच पुन्हापुन्हा आठवत बसले. सर जाताना एवढंच म्हणाले होते, "पुढच्या वर्षी तुला ठेवायचं की कसं, ते बघावं लागेल." घ्या! बा तिकडं शब्द देऊन बसलेला, आणि ज्या नोकरीसाठी त्याच्याशी भांडायचं ती नोकरीच मी खळीत बुडवली. दुसऱ्या दिवसापासून ओल्या फडक्यानं दोन्ही कागद सोडवायला बसले. पुन्हा लावले, या खेपेला जगाच्या मर्जीप्रमाणं. सोडवताना घाटाच्या जागी जरा फाटलं. तिथं मी तपकिरी रंग लावून बुजवलं. सरांनी ते पाहिलं आणि पुढच्या कामाला लागले. प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी मात्र मला बोलावून म्हणाले, "आणखी एका वर्षाचं सांगितलंय मी प्राचार्यांना. राहणार आहेस ना? समजलं का काय म्हणतोय ते?" मी हो म्हटलं, आणि रडूच फुटलं. कारण साल सरलं होतं, आणि बा उद्या मला न्यायला येणार होता.

आला, आत्याला घेऊन. डोक्याला धुवट पटका, खांद्यावर घोंगडी, पायात नवी वहाण, ती करकर वाजतेय. आत्या त्याच्या पुढं दोन पावलं. दालनात शहरातली बडी माणसं, कॉलेजचे मास्तर, पोरं. आत्यानं इकडंतिकडं बघितलंही नाही. मला म्हणाली, "गाठुडं बांधलंस का?"

"आत्या, मला आणखी एक साल मिळालंय."

"मिळू दे. तुझ्या बानं भंडारा उचललाय." तिनं बाच्या दिशेनं वळून बघितलं.

बा भिंतीकडं बघत होता. इतका मोठा रंगीत कागद त्यानं कधी पाहिला नव्हता. मला म्हणाला, "ह्ये काय गं?"

मी त्याला जवळ नेलं आणि नेहमीच्या सवयीनं सांगायला लागले. "हा आपला मुलूख. हे फर्दापूर. आपलं गाव यात नाही, लई बारीक पडतं. पण इथं असंल, या बोटाखाली."

त्यानं आपलं बोट तिथं ठेवलं. "आन् आत्ता आपुन उभं हाय, त्ये?"

"हे. औरंगाबाद."

त्यानं मान वर केली, खाली केली. पुन्हा वर, पुन्हा खाली. "आगं पर... गाव वर आन् औरंगाबाद खाली?"

"नकाशात तसंच असतं, बा."

"कुनी ठरिवलं?"

सर शेजारीच उभे होते. त्यांना वाटलं, ह्या माणसाला खरंच जाणून घ्यायचंय. ते उत्साहानं म्हणाले, "सगळ्या देशांनी! सगळ्या जगातल्या लोकांनी एकत्र बसून ठरवलंय, बाबा."

"समद्या देशांनी?"

"समद्या."

"आन् आता ते बदलत नाय?"

"छे! कसं बदलेल?"

बानं बोट गावावरून उचललं, सावकाश रस्त्यावरून खाली आणलं, मी रंगवलेल्या घाटावरून, आणि औरंगाबादवर टेकवलं. मग तो आत्याकडं वळला. "अक्का, बिरोबापुढं मी काय बोललो व्हतो?"

"साल सरलं की पोरगी खाली राहील."

"मग झालं तर. ही बघ की. खालीच हाय."

आत्याला समजायला जरा वेळ लागला. मला त्याहून जास्त लागला. मग आत्याचा चेहरा असा काही लाल झाला! "मला येडी समजतूस व्हय रं?"

"मी कशाला समजू? समद्या जगानं ठरिवलंय म्हनं. मी एकला धनगर काय करनार त्याला?" आणि हे म्हणताना त्याचा चेहरा इतका भाबडा, इतका गोंधळलेला, की सरांनी मध्ये पडून त्याला पुन्हा उत्तर-दक्षिण समजावून सांगायला सुरुवात केली. तो मान डोलवत ऐकत होता.

आत्या फणकाऱ्यानं दाराकडं गेली. तिथून ओरडली, "आजपासनं तुझ्या दारचं पानी मला वर्ज्य!" शिपाईचाचांनी घाबरून तिला पाण्याचा पेला पुढं केला. तो तिनं घेतला नाही.

मी बाला यष्टीपर्यंत सोडायला गेले. आत्या आधीच बसमध्ये जाऊन बसलेली, खिडकीकडं तोंड करून. मला बाला विचारायचं होतं की, बा, तू हे जाणूनबुजून केलंस का खरंच तुझा घोळ झाला? त्याच्या चेहऱ्यावरून काही म्हणजे काही कळेना. मेंढरू वाट चुकलं की करतो तसा चेहरा. आणि मला त्याचा रागही आला होता. सरळ म्हणायचं ना, माझ्या पोरीला नाही करायचं हे लग्न! मी शेवटी म्हटलंच, "बा, तुला कळलं ना नकाशाचं?"

तो पायरीवर एक पाय ठेवून उभा राहिला. "कळलं की. पर एक सांग. आता जाताना घाट उतरायचा का चढायचा?"

कंडक्टरनं घंटी मारली. आता याला काय म्हणावं? चेष्टा करतोय म्हणावं तर हसू नाही, आणि खरंच विचारतोय म्हणावं तर जन्म गेलाय त्याचा त्या घाटात.

पुढं जे व्हायचं ते झालं. आत्यानं भाऊकी गोळा केली. बानं शब्द पाळला की मोडला यावर म्हणे कितीदा बैठका बसल्या. अर्धे म्हणत पाळला, अर्धे म्हणत मोडला. तोवर मी गावात पाऊल टाकायचं नाही असं ठरलं. जळगाव-औरंगाबाद यष्टीचा कंडक्टर आमच्या ओळखीचा, त्याच्याबरोबर बाचा निरोप यायचा: "सध्या येऊ नको." दर रविवारी मी स्टँडवर जायची आणि दर रविवारी तेच. सध्या येऊ नको. दोन दिवाळ्या मी वसतिगृहात काढल्या. घरची आठवण आली की दालनात जाऊन त्या भिंतीसमोर उभी राहायची. बोट ठेवायची तिथं गाव नव्हतंच, पण मी ठेवायची. पहिली दिवाळी रडले. दुसरीला रडूही आलं नाही, नुसतं वाटलं, नोकरी राहिली आणि घर गेलं. हे असंच पाहिजे होतं का मला? खरं सांगते, मला तेव्हा ठरवता येत नव्हतं. बाचा घोळ झाला असेल तर त्या घोळाची शिक्षा त्यालाच, आणि मी मजेत पगार घेतेय, असं वाटून घास उतरायचा नाही.

मग आत्याच्या थोरल्याचं लग्न ठरल्याचं कानावर आलं. बोदवडकडची मुलगी. त्याच्यानंतरच्या रविवारी मी स्टँडवर गेले, नेहमीसारखी, आशा न ठेवता. कंडक्टर खाली उतरला, टोपी काढून डोकं खाजवायला लागला.

"बाई, निरोप हाय. पर कसा सांगावा कळंना. म्हातारा जरा डोक्यानं हललाय का वो तुमचा?"

मी पुढं सरकले. "का? काय झालं?"

"न्हाय, तब्येत खनखनीत हाय. तुमची आत्या बी बसली व्हती म्हाताऱ्याच्या वट्ट्यावर, च्या पीत. पर म्हातारा म्हनला, पोरीला सांग, 'वर ये'. मी म्हनलं, आवो बाबा, ती वरच हाय की, खाली तर तुमी हाय. तर माझ्यावरच डाफरला! म्हने, तू तुझी अक्कल चालवू नको. 'वर ये' येवढंच सांग. तिला कळंल."

वर ये? मी वरच होते. क्षणभर मलाही वाटलं, म्हातारा खरंच हलला. कुठं वर यायचं? आणि मग ते बोट दिसलं मला, औरंगाबादवरून सावकाश वर जाणारं, घाटाच्या फाटलेल्या जागेवरून, पार वरपर्यंत.

अरे लबाडा. म्हणजे तेव्हाही कळलं होतं तर सगळं!

मी भर स्टँडात मोठमोठ्यानं हसायला लागले आणि डोळ्यांतून पाणी थांबेना. चार माणसं जमली. कंडक्टर बिचारा घाबरला. एकाच घरात दोन खुळे, असंच त्याला वाटलं असणार.

"मग काय सांगू त्यास्नी?" त्यानं विचारलं.

"काही सांगू नका," मी म्हटलं. "एक फर्दापूर द्या."